आवाज फाटतो तेव्हा



एखाद्या समारंभास आपण थोडे उशिरा निघतो. मांडव अजून दूर असतो. परंतु चौकातच कर्ण्यांतून येणारा आवाज कानी पडू लागतो. कोणी तरी भाषण करीत आहे हे कळते, तो तावातावाने बोलत आहे हेही कळते. मात्र तो काय बोलत आहे ते कळत नाही. स्वर चिरकलेला असतो, व्यंजने एकमेकांत मिसळून गेलेली असतात, आणि पाच मिनिटांत कपाळ ठणकू लागते. अशा वेळी आपण सहज म्हणून जातो, ‘आवाज फाटतो आहे.’ ह्याच गोष्टीस तंत्रज्ञांच्या भाषेत ‘क्लिपिंग’, म्हणजे कातरणे, असे म्हणतात. शब्द कोणताही घ्या, वस्तुस्थिती एकच. ध्वनीच्या लहरीचा काही भाग वाटेत नाहीसा झालेला असतो. ही कातर केवळ आपल्या कानांना त्रास देऊन थांबत नाही. ती यंत्रांचाही जीव घेते. ते कसे, हे आज आपणांस सांगावयाचे आहे.

प्रारंभीच एक कबुली दिली पाहिजे. मी अभियंता नव्हे. माझी एम. ए. ची पदवी इतिहासाची, आणि नोकरी महसुली कारभारातली. लाऊडस्पीकर माझ्या मेजावर येतो तो परवानगीच्या अर्जाच्या रूपाने. अर्ज वाचावा, अटी घालाव्यात, सही करावी, एवढाच आमचा संबंध. परंतु एका संध्याकाळी तो संबंध ह्याहून पुढे गेला, आणि त्यानंतर ह्या विषयाची माहिती करून घेणे मला आपले कर्तव्य वाटू लागले.

२०१६ सालच्या २६ जानेवारीची गोष्ट. एका तालुक्याच्या गावी शाळेच्या मैदानावर सायंकाळी मुलामुलींचा कार्यक्रम होता. व्यासपीठाच्या दोन्ही अंगांस बांबूवर दोन दोन कर्णे बांधलेले होते. टेबलामागे गावातलाच लाऊडस्पीकरवाला बसला होता. वयाने माझ्याहून दहाबारा वर्षांनी वडील. गर्दी अपेक्षेपेक्षा बरीच झाली. मागच्या लोकांस ऐकू येईना, तशी तिकडून ओरड सुरू झाली. मी पहिल्या रांगेतल्या खुर्चीवरून तलाठ्यास पाठविले, ‘आवाज वाढवा म्हणावे.’ आवाज थोडा वाढला. ओरड थांबली नाही. मी पुन्हा निरोप धाडला. तिसऱ्या खेपेस तो गृहस्थ स्वतः उठून आला आणि वाकून म्हणाला, “साहेब, मशीन लालमध्ये गेलंय. आवाज फाटतोय. आणखी वाढवलं तर युनिट जातील.” मी म्हणालो, “मागे काही ऐकू येत नाही हो. वाढवा थोडा.” त्याने वाढविला. मुलींचे समूहगीत चालू असता डाव्या अंगाचे दोन्ही कर्णे एकामागून एक मुके झाले. ज्या मागच्या लोकांसाठी मी हा आग्रह धरला होता, त्यांतल्या निम्म्यांस त्यानंतर काहीच ऐकू आले नाही.

त्या वेळी ‘यंत्र आहे, बिघडायचेच’ असे मनाशी म्हणून मी तो विषय सोडून दिला. पंधरा दिवसांनी काही कामानिमित्त बाजारपेठेतून जात असता तो गृहस्थ आपल्या दुकानाच्या पायरीवर बसून जळालेल्या युनिटांचे पडदे बदलताना दिसला. त्याने एक पडदा माझ्या हातावर ठेविला. त्याच्या कडेचे तांब्याचे बारीक वेटोळे काळे पडून वाकले होते, आणि त्याला अजून करपल्याचा वास येत होता. सरकारी देयकात भाड्याचा रकाना होता. जळालेल्या युनिटांचा रकाना नव्हता. भाडे त्याला मिळाले होते. नुकसान मात्र त्याच्याच पदरी पडले होते.

आता हे का घडले ते पाहू. माइकपासून येणारा विद्युत्संदेश अत्यंत क्षीण असतो. त्याची वाढ करून कर्ण्याचा पडदा हलविण्याइतके बळ त्याला देणे हे ॲम्प्लिफायरचे काम. व्यवसायातले लोक ह्यालाच नुसते ‘मशीन’ म्हणतात. परंतु मशीन हे बळ स्वतः निर्माण करीत नाही. आतल्या वीजपुरवठ्याचा जो काही व्होल्टदाब असेल, त्यातूनच ते संदेशाची मोठी प्रतिकृती घडविते. म्हणजेच प्रतिकृतीच्या उंचीला एक छत असते. संदेश त्या छताच्या आत असेल तोवर लहरीचा माथा जसाच्या तसा गोल राहतो. संदेश त्याहून मोठा मागितला की मशीन छतापर्यंत जाते आणि तेथेच थांबते. लहरीचा माथा सपाट होतो.

आपल्या जुन्या धान्यबाजारात पायली भरताना वर शीग येई, आणि सपाट मापाने द्यावयाचे असल्यास मापारी त्यावरून हात फिरवून ती शीग पाडीत असे. मशीन हेच करते. पायलीत मावेल तेवढे धान्य राहते. वरची शीग सांडते. तुम्ही आणखी कितीही ओतलेत तरी पायलीची उंची वाढत नाही.

येथे कोणी विचारील, माथा छाटला म्हणजे शक्ती कमीच झाली. मग कर्णा जळतो कशाने? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर लहरीच्या आकारात आहे. गोल लहर आपल्या शिखरावर क्षणभरच असते. उरलेला वेळ ती चढत तरी असते किंवा उतरत तरी असते. उलट, अतिशय छाटलेली लहर जवळजवळ सर्व वेळ शिखराच्याच उंचीवर असते. गणिताने पाहिल्यास, सारख्याच उंचीची पूर्ण चौकोनी लहर ही गोल लहरीच्या दुप्पट शक्ती वाहून नेते. ५० वॅटांचे म्हणून विकलेले मशीन आठ ओहमांच्या स्पीकरवर शिखरास सुमारे २८ व्होल्ट देते. ते पार छाटले जाईपर्यंत वाढविल्यास तेच मशीन, वीजपुरवठा तग धरील तर, सुमारे १०० वॅट स्पीकरवर लोटू लागते. मशीनवर ५०चा आकडा लिहिलेला आहे, म्हणून ६० वॅटांचा स्पीकर निर्धास्त आहे, ही समजूत येथेच कोसळते.

शिवाय नेहमीचे बोलणे आणि गाणे हे गोल लहरीहूनही सौम्य असते. त्यातली शिखरे उंच, पण विरळ. सरासरी शक्ती शिखराच्या मानाने फारच थोडी, बहुधा दहावा भाग किंवा त्याहूनही कमी. स्पीकरला त्या विरळ शिखरांच्या मधल्या काळात थंड होण्यास सवड मिळते. छाटणी सुरू झाली की ही सवड संपते.

थंड होण्याचा प्रश्न इतका महत्त्वाचा का, हे समजण्यासाठी स्पीकरच्या पोटात डोकावले पाहिजे. आजही बहुतेक स्पीकर ज्या तत्त्वावर चालतात, ते चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग ह्या दोघा अमेरिकन अभियंत्यांनी १९२५ साली एका निबंधात मांडले. चुंबकाच्या अरुंद फटीत तारेचे एक हलके वेटोळे. त्यातून प्रवाह वाहिला की ते पुढेमागे हलते आणि त्याला जोडलेला शंकू हवेला ढकलतो. रचना सुबक आहे, पण काटकसरी नाही. घरातल्या साध्या पेटीच्या स्पीकरला दिलेल्या शक्तीपैकी शेकडा एकच्या आसपासच शक्तीचा ध्वनी होतो. बाकीची वेटोळ्यातच उष्णता होऊन राहते. भोंग्यासारख्या कर्ण्याचा हिशेब ह्यापेक्षा पुष्कळ बरा असला तरी तेथेही बरीच शक्ती उष्णतेतच जाते. ही उष्णता मर्यादेबाहेर गेली की तारेवरचे रोगण करपते, वेटोळ्याचे वेढे धरून ठेवणारा गोंद सुटतो, वेटोळे वाकडे होऊन चुंबकाच्या फटीत घासू लागते, आणि अखेरीस तार तुटते. माझ्या हातावर ठेविलेल्या त्या काळ्या वेटोळ्याचा हाच इतिहास होता.

ह्यात आणखी एक चकवा आहे. तांबे तापले की त्याचा रोध वाढतो. दर अंशास सुमारे शेकडा ०.३९ ह्या प्रमाणात. वेटोळे १८० अंशांनी तापले तर रोध सुमारे ७० टक्क्यांनी वाढतो. रोध वाढला की स्पीकर तेवढ्याच व्होल्टांवर कमी शक्ती घेतो आणि आवाज थोडा उतरतो. ऐकणाऱ्यास वाटते, आवाज कमी झाला. तो आणखी वाढवावयास सांगतो. म्हणजे यंत्र थकल्याची खूण आपण ते आळसावल्याची खूण समजतो.

आता दोन रूढ समजुतींविषयी. पहिली समजूत अशी की, सपाट माथ्याच्या काळात स्पीकरचा पडदा एका जागी खिळून राहतो आणि म्हणून जळतो. हे खरे नाही. सेकंदास शंभर आवर्तनांच्या स्वराचे अर्धे आवर्तन म्हणजे सेकंदाचा दोनशेवा भाग. सपाट माथा त्याहूनही अल्प काळ टिकतो. पडद्याची हालचाल त्याच्या वजनावर, ताणावर आणि हवेवर अवलंबून असते. तो लहरीच्या चित्राची हुबेहूब नक्कल करीत नाही. पडदा खरोखर खिळतो तो निराळ्याच प्रसंगी. मशीनमधला ट्रान्झिस्टर जळून आरपार जोडला गेला, तर पुरवठ्याचा एकदिश दाब सरळ स्पीकरवर येतो आणि वेटोळे काही क्षणांत राख होते.

दुसरी समजूत अधिक शास्त्रीय दिसते. फ्रेंच गणितज्ञ फूरिए ह्याने १८२२ साली प्रसिद्ध केलेल्या उष्णतेवरील ग्रंथात दाखविले की, पुन्हा पुन्हा येणारी कोणतीही लहर ही साध्या गोल लहरींची बेरीज म्हणून मांडता येते. चौकोनी लहरीत मूळ स्वराबरोबर तिप्पट, पाचपट, सातपट अशा कंपनसंख्यांचे उपस्वर उपजतात. आपल्या कानाला जो चिरका, खरखरीत आवाज येतो तो ह्या उपऱ्या स्वरांचा. ह्यावरून असे सांगतात की, दोन स्पीकरांच्या पेटीत उंच स्वरांसाठी जो नाजूक लहान स्पीकर, म्हणजे ट्वीटर, असतो तो ह्या उपस्वरांनीच जळतो. हिशेब करून पाहिल्यास एवढ्याने भागत नाही. तिप्पट उपस्वराची शक्ती मूळ स्वराच्या नवव्या भागाइतकी, पाचपटीची पंचविसाव्या भागाइतकी, अशी ती झपाट्याने उतरत जाते. शंभर आवर्तनांचा ढोलाचा स्वर पूर्ण चौकोनी झाला, आणि ट्वीटरकडे तीन हजारांच्या वरचेच स्वर जातात असे धरले, तरी त्याच्या वाट्यास एकूण शक्तीचा दीड टक्काही येत नाही.

मग ट्वीटर जळतो कसा? संगीतात खर्जाची शिखरे उंच आणि तीव्र स्वरांची लहान असतात. मशीन छताला टेकले की खर्जाची वाढ खुंटते. परंतु लहान असलेल्या तीव्र स्वरांना अजून पुष्कळ जागा मोकळी असते. बटन जसजसे पुढे फिरवावे तसतसे ते वाढतच जातात. वाढ दहा डेसिबेलांची झाली तर खर्जाची उंची होती तेथेच राहते, आणि तीव्र स्वरांची शक्ती मात्र जवळजवळ दहापट होते. ज्या ट्वीटरला दोन वॅट मिळत होते त्याला आता वीस वॅटांच्या आसपास मिळू लागतात. त्याचे केसासारख्या तारेचे वेटोळे ही उष्णता सोसू शकत नाही. दोष मशीन लहान असण्याचा नसतो. लहान मशीनकडून मोठ्याचे काम घेण्याचा असतो.

मशीनचे स्वतःचे हालही काही कमी होत नाहीत. छताला टेकून चालताना ते पुरवठ्यातून सतत जबर प्रवाह ओढते. ट्रान्सफॉर्मर तापतो, फ्यूज उडतात, आणि हवा खेळती नसेल तर आतले भाग अकाली म्हातारे होतात. आपल्याकडे ह्यात विजेच्या दाबाची भर पडते. साध्या बांधणीच्या मशीनचे छत हे बाहेरून येणाऱ्या दाबाबरोबर खाली येते. दाब २३० व्होल्टांवरून १८०वर आला तर मशीनची शक्ती शेकडा ६१वर येते. म्हणजे शंभर वॅटांचे मशीन एकसष्ट वॅटांचे होते. जानेवारीत रब्बीच्या पिकांना पाणी चाललेले असते. त्या संध्याकाळी गावातले दिवेही पिवळट दिसत होते, हे मला मागाहून आठवले. मी ज्या मशीनला आणखी आवाज मागत होतो ते आधीच आपल्या ऐपतीच्या खाली उतरलेले होते.

जुनी काचेच्या व्हॉल्व्हची मशिने छताजवळ येताना हळूहळू वाकत. त्यांची कातर त्यामानाने मऊ असे. हॅरोल्ड ब्लॅक ह्या अभियंत्याने १९२७ साली ऋण प्रतिपोषणाची युक्ती शोधली. तिच्यामुळे आजची ट्रान्झिस्टरची मशिने मर्यादेच्या आत अत्यंत शुद्ध असतात. मात्र मर्यादा ओलांडताच त्यांचे छाटणे एकदम आणि धारदार असते. अंकीय ध्वनिमुद्रणात तर हे छत अक्षरशः आकड्यांचे असते. सोळा बिटांच्या मुद्रणात ६५,५३६ पायऱ्या. शेवटच्या पायरीपलीकडे लिहावयास आकडाच नाही. तेथे मुद्रणाच्या वेळीच छाटलेला आवाज पुढे कोणत्याही यंत्राने जोडून येत नाही.

ह्यावर उपाय काय? पहिला उपाय कानांचा. आवाज चिरकू लागला की बटन मागे घ्यावे. मशीनवरचा वा मिक्सरवरचा लाल दिवा अधूनमधून लुकलुकला तर चालेल. तो पेटलेलाच राहू लागला तर तो इशारा समजावा. दुसरे असे की, कातर कोठे लागते आहे ते शोधावे. पुष्कळदा मिक्सरच्या पहिल्याच टप्प्यात, माइकच्या बटनापाशी, संदेश छाटलेला असतो. मग मुख्य मशीन कितीही हळू केले तरी फाटलेलेच पण हळू ऐकू येते. तिसरे, कर्ण्यांकडे खर्ज पाठवू नये. विशिष्ट कंपनसंख्येच्या खाली भोंग्यातली हवा पडद्याला आधार देत नाही; पडदा व्यर्थ हेलकावतो, तापतो आणि फाटतो. बहुतेक मशिनांत खर्ज कापण्याची सोय असते, ती वापरावी. चौथे, मशीन घेताना ते गरजेहून थोडे मोठे घ्यावे आणि सबुरीने चालवावे. शिखरांना जागा उरली पाहिजे. आजकाल मर्यादेपाशी आपोआप हात आखडणारे लिमिटर मिळतात, काही मशिनांत ते आतच असतात. त्यांचा उपयोग आहे, पण ते सारासार विचाराची जागा घेऊ शकत नाहीत.

आणि शेवटचा उपाय, जो त्या संध्याकाळी मला सुचावयास हवा होता. मानवी कानाला आवाज दुप्पट वाटावा ह्यासाठी शक्ती सुमारे दहापट करावी लागते; नुसती दुप्पट केली तर फरक थोडासाच जाणवतो. उलट, मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट झाले की आवाज सहा डेसिबेलांनी उतरतो. व्यासपीठापासून १० मीटरवर जो आवाज आहे, तोच ८० मीटरवर हवा असेल तर शक्ती सुमारे ६४ पट लागेल. इतकी शक्ती गावातल्या कोणत्या मशीनमध्ये असणार? परंतु चारांपैकी दोन कर्णे उचलून मैदानाच्या मध्यावर नेले असते तर आहे त्याच शक्तीत मागच्या लोकांस शब्द न् शब्द कळला असता. त्याला एक लांब वायर आणि दहा मिनिटांचा अवधी पुरला असता.

कायद्याची वाटही ह्याच दिशेने जाते. ध्वनिप्रदूषण नियंत्रणाचे नियम २००० साली झाले. त्यांनुसार लाऊडस्पीकर लावण्यास लेखी परवानगी लागते, रात्री १० ते सकाळी ६ ह्या वेळेत उघड्यावर त्याला सर्वसाधारणपणे मनाई आहे, आणि निवासी भागासाठी दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबेलांची मर्यादा सांगितलेली आहे. हे नियम मी शेजाऱ्यांच्या झोपेसाठी आहेत असे समजून वर्षानुवर्षे बजावीत आलो. यंत्रांनाही एक मर्यादा असते, आणि ती परवानगीच्या कागदावर लिहिलेली नसते, हे मला त्या काळ्या वेटोळ्याने शिकविले. ती मर्यादा जाणणारा माणूस टेबलामागे बसलेला असतो. खुर्चीवर बसलेल्याने त्याचे ऐकावे, एवढेच त्यातून निघते.

त्या दिवशी दुकानाच्या पायरीवर मी दोन्ही पडद्यांची किंमत देऊ केली. बराच वेळ तो घेईना. शेवटी एकाचे पैसे घेऊन म्हणाला, “दुसऱ्याला मीच कारण, साहेब. मी नाही म्हणायला पाहिजे होतं.” मी त्यावर काही बोललो नाही. कारण साहेबाने तिसऱ्यांदा सांगितल्यावर त्याला नाही म्हणता आले नसते, हे आम्हां दोघांनाही ठाऊक होते. तेव्हापासून कोणत्याही समारंभात मागून ‘आवाज वाढवा’ अशी हाक आली, की मी निरोप धाडीत नाही, उठून टेबलापाशी जातो आणि विचारतो, “काय करता येईल?” बहुधा त्याच्याजवळ उत्तर असते.